आयोवाचा रानगुलाब, महागावचे कुंपण

अमेरिकेतल्या आयोवा राज्याने १८९७ साली रानगुलाबाला आपले राज्यफूल ठरवले, पण तो कोणता रानगुलाब, हे लिहून ठेवायचे राहून गेले. आयोवात देशी रानगुलाबाच्या चार-पाच जाती आहेत. ठरावात नुसतेच ‘रानगुलाब’ म्हटल्यामुळे मान सगळ्यांना मिळाला आणि नेमका कुणालाच नाही. दक्षिणेकडच्या जॉर्जियाने १९१६ मध्ये याहून मोठी गंमत केली. ‘चेरोकी रोझ’ नावाचा पांढरा वेलगुलाब आपल्याच मातीतला आहे असे म्हणून त्या राज्याने त्याला राज्यफूल केले, आणि तो निघाला चीनचा. दोष एकट्या आमदारांना देता येत नाही. आंद्रे मिशो या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने उत्तर अमेरिकेच्या वनस्पतींवरच्या आपल्या १८०३ च्या ग्रंथात या गुलाबाची नोंद केली होती, तीही जॉर्जियातल्या झाडांवरून. रानात आपोआप वाढलेला, काटेरी, पाच पाकळ्यांचा गुलाब दिसला की तो तिथलाच, हा अंदाज जाणकारांचाही चुकतो. रानटी झाड लावावे की नाही हा प्रश्न ओळख पक्की झाल्यावरच विचारता येतो, आणि ओळख पक्की झाली की ते कुठे लावायचे याचे उत्तरही बहुतेक वेळा तिच्यातच सापडते, एवढेच मला इथे मांडायचे आहे.

हा प्रश्न महागावात कसा यावा? रोही, म्हणजे नीलगायी, आणि रानडुकरांमुळे. यवतमाळ जिल्ह्यातला हा तालुका नागपूर–तुळजापूर रस्त्यावरचा. काळी जमीन, कापूस, सोयाबीन, तूर, आणि पीक कंबरेला आले की रात्रीची राखण. झटका मशीन सगळ्यांनाच परवडते असे नाही, तारेचे कुंपण त्याहून महाग, म्हणून काटेरी झुडपांचे जिवंत कुंपण ही कल्पना पुन्हा पुन्हा डोके वर काढते. वादासाठी दोन माणसे कल्पू. एक भाऊ. रोपवाटिका चालवतात, गुलाबाचे डोळे भरण्यात हात बसलेला. त्यांची भाची आयोवात डे मॉइनजवळ राहते. तिच्या घरामागच्या ओढ्याकाठी गुलाबाची अशी जाळी माजली आहे की कुत्रेही आत शिरत नाही. दुसऱ्या वनस्पतिशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका, ज्यांना सगळा गाव मॅडम म्हणतो.

“मॅडम, भाची दिवाळीत येऊन राह्यली,” भाऊ म्हणतात. “मूठभर बी आणतो म्हणते. अमेरिकेचा देशी रानगुलाब हाय. तिकडं बर्फात मरत नाही, तर आपल्या इकडं काहून मरन? बांधावर लावला का रोही बंद, डुक्कर बंद. वरून फुलं.” या म्हणण्याला हसण्यासारखे काही नाही. कुंपणाची गरज खरी आहे, काट्यांचा उपयोग खरा आहे, आणि खर्चाचा हिशेबही चुकीचा नाही. मॅडमही हसत नाहीत. त्या विचारतात, “भाऊ, त्या झुडपाची फुलं पांढरी की गुलाबी? सुटी येतात की झुबक्यांनी?” भाऊ फोनवरचा फोटो दाखवतात. रुपयाच्या नाण्याहून फारशी मोठी नसलेली पांढरी फुले, एकेका झुबक्यात पंचवीस-तीस. मॅडमचा संशय इथेच पक्का होतो, कारण आयोवातले देशी रानगुलाब गुलाबी असतात, त्यांचे फूल चांगले दोन इंच रुंद असते, आणि ती फुले एकेकटी नाहीतर चार-सहाच्या घोसात येतात. कुंपणासारखा माजलेला हा गुलाब देशी नसून मल्टिफ्लोरा असावा, मूळचा जपान-कोरियाकडचा.

फुलावरून संशय येतो. खात्री करायला पान हातात घ्यावे लागते. पानाचा देठ फांदीला चिकटतो तिथे त्याच्या दोन्ही अंगांना एक अरुंद हिरवी पट्टी असते, पुस्तकात तिला उपपर्ण म्हणतात. मल्टिफ्लोरात या पट्टीची कड केसांसारख्या बारीक तंतूंत चिरलेली असते. भिंग नसले तरी उजेडाकडे धरून ती दिसते. अमेरिकी देशी जातींत अशी चिरलेली कड नसते. दुसरी खूण फुलाच्या मधोमध. मल्टिफ्लोराच्या फुलात मधल्या सगळ्या कुक्षिवृंतांचा, म्हणजे स्त्रीकेसरांच्या देठांचा, मिळून एक बारीक खांब वर आलेला असतो. आयोवातल्या देशी जातींपैकी असा खांब फक्त एकीत, रोझा सेटिजेरात, पण तिच्या एका पानात तीनच पर्णिका, म्हणजे छोटी पाने, असतात, क्वचित पाच, त्यामुळे घोटाळा होत नाही. बाकीच्या जाती एकमेकींपासून वेगळ्या काढायला काटे आणि फळे बघावी लागतात. आर्कान्साना बुटकी, खोडभर बारीक ताठ काट्यांची, एका पानाला नऊ ते अकरा पर्णिका. ब्लांडाच्या वरच्या फांद्या जवळजवळ बिनकाट्याच्या. कॅरोलिना गुडघ्या-मांडीएवढी, काटे सरळ सुईसारखे, आणि तिच्या पिकल्या फळावर निदले, म्हणजे फुलाखालची हिरवी दले, टिकत नाहीत, गळून जातात. ब्लांडाच्या फळावर मात्र ती हिवाळ्यातही उभी असतात. दलदलीतला पॅलुस्ट्रिस वाकड्या आकड्यांच्या काट्यांवरून कळतो, पानाच्या बगलेखाली जोडीने येणाऱ्या. म्हणजे कुठलीही एक खूण पुरत नाही, आणि फूल व फळ दोन्ही बघायचे तर जूनपासून शरद ऋतूपर्यंत थांबावे लागते.

भाऊंना हे सगळे लांबण वाटते, कारण त्यांच्याकडे स्वतःचा नियम आहे आणि तो बहुतेक रोपवाटिकांत ऐकू येतो: पाच पानांची फांदी कलमाची, सात पानांची जंगली, दिसली की कापा. नियम निराधार नाही. आपल्याकडे खुंट म्हणून वापरतात त्या गुलाबांना पुष्कळदा सात पर्णिका असतात, आणि खुंटाची फूट वेळीच काढली नाही तर ती कलमाला गिळते. महागावातल्या कितीतरी अंगणांत ‘गुलाब जंगली झाला’ म्हणतात तो असा. तो पालटलेला नसतो, वरचे कलम मरून खालचा खुंट उरलेला असतो. पण हायब्रीड टी गुलाबांच्या जोमदार फांदीलाही सात पर्णिका येतात, आणि नियमाच्या भरवशावर माणसे चांगली फांदी छाटून बसतात. “नुसती पानं मोजू नका भाऊ, फूट कुठून निघाली ते पाहा. डोळा भरला त्याच्या खालून असेल तर काढा, वरून असेल तर राहू द्या,” हा मॅडमचा सल्ला अमेरिकेच्या रानगुलाबालाही लागू पडतो. तीन पर्णिकांचा सेटिजेराही जंगली आणि अकरांचा आर्कान्सानाही जंगली. हातातल्या नियमाने दोघेही ओळखू येत नाहीत.

आता भाऊंची खरी हरकत येते. “मल्टिफ्लोरा तर मल्टिफ्लोरा! मले नावाशी काय करायचं? कुंपण होते न?” हा प्रश्न अमेरिकेने जवळजवळ शंभर वर्षांपूर्वीच विचारला होता आणि त्याचे उत्तर तिथल्या कुरणांत लिहिलेले आहे. मल्टिफ्लोरा जपानहून १८६६ मध्ये अमेरिकेत गेला तो खुंट म्हणून, म्हणजे भाऊंच्याच धंद्यासाठी. १९३० च्या दशकापासून तिथल्या सरकारी मृदसंधारण खात्याने तो धूप थांबवायला आणि गुराढोरांचे जिवंत कुंपण म्हणून लावायला सांगितले. राज्याराज्यांनी शेतकऱ्यांना रोपे पुरवली, महामार्गांच्या मधल्या पट्ट्यांतही तो लावला. कुंपण झालेही. नंतर पक्ष्यांनी लाल फळे खाल्ली, बी माळामाळावर पडले, वाकलेल्या फांद्यांची टोके टेकतील तिथे मुळे धरली, आणि कुंपण शेताच्या आत चालत आले. ज्या आयोवातून भाची बी आणणार, त्याच आयोवासह अनेक राज्यांनी पुढे त्याला उपद्रवी तण जाहीर केले. जिला भाऊ देशी समजतात, ती जाळी खरे तर तिथल्या देशी गुलाबाची जागा खाऊन बसली आहे.

“मंग आपल्या इकडं काय अमेरिकेचं नाही? कापूस अमेरिकन, मिरची, भुईमूग, टमाटर, जांब, सारं तिकडचं. सीताफळ तर रानात पसरलं, त्याले कोनी हाकलते काय?” भाऊंच्या सगळ्या मुद्द्यांत हा सर्वांत जोरकस आहे, आणि तो टाळणारा माणूस देशीपणाचे सोवळे मिरवतो असे मला वाटते. कापसाचे उत्तर सोपे आहे. तो दर मृगात पेरावा लागतो, माणूस थांबला की तोही थांबतो. सीताफळाचे तसे नाही. ते अमेरिकेतून आले, माणसाने न लावताही टेकड्यांवर वाढले, आणि आपण ते सुखाने खातो. म्हणजे ‘बाहेरचे म्हणून वाईट’ हा मॅडमचा मुद्दा असूच शकत नाही, आणि तो नाहीही. त्या बोट दाखवतात घाणेरीकडे आणि बेशरमकडे. घाणेरी, जिला कुणी रायमुनिया म्हणते, ती अमेरिका खंडातून एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेसाठी भारतात आणली आणि कुंपणाला लावली गेली. बेशरमही दक्षिण अमेरिकेची, नाल्याकाठी कुंपण म्हणून लावलेली. दोन्हींना गुरे तोंड लावत नाहीत, आणि तेव्हा हाच त्यांचा गुण समजला गेला. आज पैनगंगेच्या दोन्ही अंगांना घाणेरीने व्यापलेल्या पडीकात गवत मिळत नाही, म्हणजे गुराख्याचे नुकसान, आणि ते नुकसान कुंपण लावणाऱ्याच्या हिशेबात कधीच आले नव्हते. सीताफळ पसरले तर शेजाऱ्याला फळ मिळते. न खाल्ला जाणारा काटा पसरला तर शेजाऱ्याला मजुरी लागते. फरक इथे आहे.

तरीही एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण भीतीचा वापर पुराव्याहून जास्त झाला की वाद हरतो. आयोवाचे देशी गुलाब महागावात घाणेरीसारखे माजतील असे म्हणायला आधार नाही. मल्टिफ्लोरासुद्धा खुंट म्हणून भारतात आहेच, आणि आपल्या तापत्या मैदानांत तो घाणेरीसारखा सुटलेला नाही. खरा धोका उलटा आहे: तिकडचा देशी गुलाब आणला तर तो बहुधा रडतखडत जगेल. भाऊ ‘बर्फात मरत नाही’ हे बळाचे लक्षण मानतात, पण त्या झाडाला थंडी नुसती सोसत नाही, ती लागते. बियांपासूनच सुरुवात करा. गुलाबाचे बी कठीण कवचाचे. ओल्या वाळूत चार-पाच अंशांना तीन-चार महिने ठेवल्याशिवाय ते जागे होत नाही, आणि पुष्कळदा त्यानंतरही दुसऱ्या वर्षाची वाट पाहायला लावते. “फ्रिज हाय न मॅडम,” भाऊ म्हणतात, आणि ते बरोबर आहे. बी फ्रिजमध्ये फसवता येते, झुडूप फ्रिजमध्ये ठेवता येत नाही. ब्लांडा, आर्कान्साना या जाती महिनोन्महिने बर्फाखाली पानगळ होऊन निजतात आणि वर्षातून एकदा, त्या निजेनंतर फुलतात. महागावची थंडी म्हणजे डिसेंबर-जानेवारीतल्या काही आठवड्यांच्या गार रात्री. तेवढ्यात झाड नीट निजत नाही, आणि अर्धवट निजलेले झाड फुलावर येताना कुरकुर करते. पुढे मे महिन्याचे पंचेचाळीसच्या आसपासचे ऊन, आणि पावसाळ्यात पाणी धरून बसणारी, उन्हाळ्यात भेगाळणारी, चुनखडीची काळी जमीन. कॅरोलिना, पॅलुस्ट्रिस यांना आम्लाकडे झुकणारी माती मानवते. चुनखडीत त्यांना लोह उचलता येत नाही, मग शिरा हिरव्या आणि मधले पान पिवळे, हे चित्र भाऊंनी संत्र्याच्या पानावर पाहिलेले आहे. आर्कान्साना दुष्काळाला काटक आहे, तिची मुळे खोल जातात, हे मॅडम मान्य करतात. पण ती जेमतेम गुडघ्याएवढी. तिच्यावरून रोही उडी मारणार नाही, चालत जाईल.

भाऊंचा पुढचा मुद्दा धंद्याचा आहे, आणि अभ्यासूही. नवे गुलाब काढायला रानटी रक्त लागते. ते खरेच आहे. बाल्टिमोरच्या सॅम्युअल फीस्टने १८४३ मध्ये सेटिजेरापासून ‘बाल्टिमोर बेल’ आणि ‘क्वीन ऑफ द प्रेअरीज’ हे वेलगुलाब काढले. कॅनडात मॅनिटोबातल्या मॉर्डन संशोधन केंद्रात हेन्री मार्शल यांनी आर्कान्सानाचा संकर करून बर्फ झेलणारे बागगुलाब तयार केले. पण त्यांनी रानटी झाडाकडून काय उचलले ते पाहा: थंडी सोसण्याची ताकद. विदर्भाच्या गुलाबाला ज्या गुणाची गरज नाही नेमका तोच. इकडे हवी उष्णता सोसणारी जात, आणि तो रानगुलाब भारतातच आहे. रोझा क्लिनोफिला, बंगाल-बिहारच्या सखल भागातला, नदीकाठी पुरात पाय बुडवून उभा राहणारा, पांढऱ्या फुलांचा. कोडाईकनालचे गुलाबसंवर्धक एम. एस. वीरराघवन यांनी तो आणि ईशान्येकडचा रोझा जायगँटिया घेऊन उष्ण हवेचे गुलाब घडवायचे काम वर्षानुवर्षे केले आहे. यवतमाळच्या रानात मात्र देशी म्हणावा असा गुलाब नाही, आणि नाही तर नाही. दख्खनच्या माळाने काट्यांची कामे दुसऱ्या झाडांवर सोपवलेली आहेत.

म्हणून कुंपणाच्या गरजेला मॅडमचे उत्तर गुलाबाचे नाहीच. बांधावर करवंद आणि बोर, आणि त्यांच्यातून चढवलेला गजगा, म्हणजे सागरगोटा, ज्याच्या वाकड्या काट्यांत अडकलेले धोतर फाडूनच सोडवावे लागते. दाट व्हायला तीन-चार पावसाळे लागतील, तोवर राखण चुकणार नाही, आणि रोही उंच उडतो म्हणून एकट्या झुडपाने पूर्ण बंदोबस्तही होणार नाही. हे सांगणे कमी आकर्षक आहे. पण करवंद विकते, बोर विकते, आणि रोपे भाऊंच्याच रोपवाटिकेत बियांपासून होतात.

आणि भाचीने काय करावे? माझ्या मते रानगुलाब लावायला सगळ्यांत योग्य माणूस तीच आहे. आयोवाच्या बहुतांश भूमीवर एकेकाळी प्रेअरीचे उंच गवत होते. नांगराखाली ते गेले आणि आज मूळच्या हजार हिश्श्यांतला एक हिस्साही उरलेला नाही. तिथे घरामागे ओढ्याकाठचा मल्टिफ्लोरा उपटून आर्कान्साना किंवा ब्लांडा लावणे म्हणजे हौस आणि दुरुस्ती एकाच खड्ड्यात. रोप घेताना देशी वनस्पतींच्या रोपवाटिकेतून, शास्त्रीय नाव विचारून घ्यावे, कारण तिथेही ‘वाइल्ड रोझ’ या चिठ्ठीखाली युरोपचा कॅनिना किंवा जपानचा रुगोसा मिळू शकतो. चांगले ऊन, खत बेताचे, आणि शेजाऱ्याच्या कुंपणापासून अंतर, कारण या जाती मुळांतून फुटवे सोडतात. बी पर्समधून आणण्याचा विषय मॅडम एका वाक्यात संपवतात: २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार आयातीचा परवाना आणि तिकडचे रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र लागते. “एका मुठीपायी एवढे कागद?” “एका मुठीतच येते भाऊ, जे यायचं ते.”

भाऊ इतक्यावर सोडणारे नाहीत. सगळे कागद करून एकच रोप आणले, कुंडीत ठेवले, तर? या प्रश्नापुढे मॅडमची बाजू थोडी नरमते, आणि नरमायलाच हवी. कुंडीतल्या एका झाडाने कुणाचे कुरण जात नाही, आणि झाड डोळ्यांसमोर वाढवल्याशिवाय त्याची ओळख कागदावरच राहते. त्या जातही सुचवतात: सेटिजेरा. तिचा पसारा दक्षिणेला टेक्सासपर्यंत आहे, म्हणजे ऊन तिला अगदीच नवे नाही. शिवाय तिच्यात नर झाड वेगळे, मादी वेगळी. फुले दोन्हींची सारखीच दिसतात, पण मादीचे पराग कामाचे नसतात, म्हणून जोडीदार नसेल तर एकट्या झाडाला फळ धरत नाही. पक्ष्यांच्या पोटातून बी जाण्याचा प्रश्न मुळातच मिटतो.

“म्हणजे फळ नाही, बी नाही,” भाऊ विचार करत म्हणतात. “पण मॅडम, ते टोक जमिनीले टेकलं का मूळ धरते म्हणलं तुम्ही. या जातीचंही धरते काय?”

“धरतं,” मॅडमना सांगावेच लागते.

“मंग झालं. दाब कलमं करतो.”